रिठ्याच्या पाण्यातल्या पिना

"बघा बरं भाऊ, वास येतो का?"

सकाळी कारखान्यात हजेरीचं कार्ड पंच करून वळलो, की मावशींचा हात माझ्या नाकाखाली यायचा. चिमटीत एक फूल. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळा सरत आला की शेवंती, नाहीतर निशिगंध. मखमलाबादला त्यांच्या घरची फुलशेती होती, त्यामुळे फुलांना तोटा नव्हता. मी "येतो" म्हटलं की त्या मान हलवून पुढच्या माणसाकडे जायच्या. अशी एखादी प्रेमळ, थोडी विक्षिप्त बाई तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. मीही त्यांना तसंच समजत होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी माल तपासायच्या कामावर होतो. आम्ही करंगळीएवढ्या पोलादी पिना बनवायचो. मशीनवरून त्या तेलाने बरबटून यायच्या आणि मागच्या खोलीत मावशी आणि त्यांची धाकटी जाऊ त्यांना ट्रायक्लोरच्या टाकीत बुचकळून काढायच्या. हे रसायन तेल बघता बघता खाऊन टाकायचं. पिना लखलखीत, हाताला कोरड्या. खोलीत मात्र गोडसर, डोकं जड करणारा वास भरून राहायचा. मी तिथे दोन मिनिटांच्या वर थांबत नसे. त्या दोघी दिवसभर तिथेच.

एका दुपारी मावशींनी डबा उघडला आणि आम्ही आजूबाजूचे सगळे मागे सरकलो. वरण आंबलं होतं, चांगलंच. मावशी निवांत घास घेत होत्या. जाऊबाईंनी डबा ओढून घेतला. "ताई, अहो आंबलंय ते!"

मावशी डब्याकडे बघत राहिल्या. "मला नाय कळलं," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं स्वतःचं नाक गेलं होतं, आणि रोज सकाळी त्या आमच्या नाकांची हजेरी घेत होत्या. आमच्यापेक्षाही जाऊबाईंची. "माझं गेलं ते गेलं," त्या मला एकदा हळूच म्हणाल्या. "हिला सकाळी येतो, संध्याकाळी येत नाय. हिचं हाय तेवढं तरी राहू दे."

मग ती टाकी बंद करा म्हणून त्या मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "शेठ, सोनार रिठ्याच्या पाण्यात सोनं धुतो. तुमचं लोखंड काय सोन्याहून नाजूक हाय का?"

मालक हसले. "मावशी, सोनं गंजत नाही."

पण महिनाभर मावशी सुट्टीनंतर थांबून काहीबाही करत राहिल्या. रिठे उकळून गाळलेलं पाणी, त्यात धुण्याचा सोडा, मग गरम पाण्यातून एकदा काढायचं आणि लगेच पत्र्यावर तापवलेल्या लाकडाच्या भुशात घोळवून पिना कोरड्या करायच्या. मी पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिल्या. तेलाचा मागमूस नव्हता. शेवटी मालक कबूल झाले. एक ट्रे रिठ्याने धुवायचा, चार दिवस उघडा ठेवायचा. गंज आला नाही तर टाकी बंद. "पण एक डाग दिसला, तर हा विषय परत काढायचा नाही."

ट्रेवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. आता माझा स्वभाव सांगतो. मी घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकावरून परत येऊन ते ओढून बघणारा माणूस. त्यात नोकरी अजून कायम झालेली नव्हती. दर तासाला मी ट्रेपाशी जायचो. पिन उचलायचो, उजेडात फिरवायचो, ठेवायचो. तळहाताला घाम सुटायचा. तो पॅन्टला पुसून दुसरी पिन उचलायचो.

"भाऊ, निजलेल्या लेकराला सारखं उठवू नका," मावशी म्हणाल्या. मी हसलो, आणि तासाभराने पुन्हा गेलो.

चौथ्या दिवशी मालकांनी ट्रे खिडकीशी नेला. वरच्या थरातल्या दहा-बारा पिनांवर तांबूस डाग होते. खालच्या थरात एकही नव्हता. मावशींनी एक पिन डोळ्यांजवळ धरली. मीही वाकून पाहिलं. डागात बारीक वळणदार रेघा होत्या, रेशनच्या दुकानात वहीवर अंगठा उठवतात तशा.

मावशींनी पिनेकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी हात खिशात घातला.

"आमच्याच हाताचं असंल, शेठ," त्या म्हणाल्या. "धुताना राहिलं असंल काही."

मी गप्प बसलो. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, दुसरं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघी पुन्हा टाकीवर. मावशींनी मला एका शब्दाने टोचलं नाही. सकाळी फूल तसंच नाकाखाली यायचं. "वास येतो का?" मला छान येत होता, आणि त्याचीच लाज वाटत होती. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज मालकांचा चेहरा बघून उद्यावर ढकलायचो.

असे आठ दिवस गेले. त्या सकाळी मावशींनी जाऊबाईंपुढे शेवंती धरली. एरवी त्या चटकन "येतो" म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी श्वास ओढला. पुन्हा ओढला. मावशींच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग म्हणाल्या, "येतो." मावशींचा हात तिथेच राहिला होता.

मी कार्ड हातात तसंच घेऊन मालकांच्या केबिनमध्ये शिरलो. शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर उठवला आणि शेजारी जपून ठेवलेली ती डागाची पिन आणि भिंग ठेवलं. मालक एवढे ओरडले की मशीनवरच्या लोकांनी माना वळवल्या. पण माणूस न्यायाचा. दुसरा ट्रे धुतला, फडक्याने झाकला, आणि मला त्याच्या आसपास फिरकायला बंदी केली. एकही डाग आला नाही. दिवाळीच्या आत टाकी रिकामी झाली.

मावशी मला एवढंच म्हणाल्या, "हातमोजे घालत जा आता. लय घाम येतो तुमच्या हाताला."

पुढे त्या आणखी काही वर्षं कामावर होत्या. नाक परत आलं नाही. फूल आणायचं त्यांनी सोडलं नाही.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी मखमलाबादला गेलो. जाऊबाई ओट्यावर ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या बांधत बसल्या होत्या. चहा झाला. मग त्यांनी एक उमललेलं फूल उचललं आणि अगदी मावशींसारखंच माझ्या नाकाखाली धरलं.

"येतो का?"

"येतो," मी म्हणालो. आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "आणि तुम्हाला?"

त्या हसल्या. "बघून घेतलं की येतो, भाऊ. डोळे मिटले की नाय."

त्यांचा वास टाकीवरच्या आधीच्या वर्षांनी किती नेला आणि माझ्या गप्प बसण्याच्या आठ दिवसांनी किती, हे मला कोणी सांगू शकणार नाही. जाऊबाईंनी ते फूल माझ्यापुढे केलं. माझ्या हाताला घाम सुटला होता. मी ते रुमालात घेतलं.