फॉर्मलिनच्या खोलीतल्या पारसनीसबाई

पारसनीसबाईंचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. भाजीवाल्याच्या काट्यावर नव्हता, बँकेच्या फोनवर नव्हता, ‘निघालोच, पोचतो’ म्हणणाऱ्या नवऱ्यावर तर मुळीच नव्हता. विद्यापीठाच्या स्टाफ बसमध्ये त्या सगळ्यात मागच्या बाकावर बसत. तिथे हाडं खिळखिळी होत, पण कोण कोणाच्या शेजारी बसलं आणि कोण कोणाच्या कानाला लागलं ते तिथूनच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचे यजमान श्यामकांत हसून म्हणायचे, “अहिल्या, तुला देवळात प्रसाद दिला तरी तू आधी वास घेशील.”

“घेईन! आणि तुम्हालाही घ्यायला लावीन,” बाई म्हणायच्या.

आता हा स्वभाव काही आभाळातून पडला नव्हता. फरीदाबादच्या बाजूच्या एका खाजगी विद्यापीठात, प्राणिशास्त्र विभागात, त्या तंत्र सहायक होत्या, आणि लागल्यापासून आजतागायत कंत्राटावर. दर मार्चमध्ये कोणीतरी गोड हसून सांगायचं, ‘मैडम, अगले साल पक्का.’ वर्षानुवर्षं हे ऐकणाऱ्या माणसाने संशयी होऊ नये तर काय भजन करावं? यंदा मात्र खरोखरच विभागात एक कायम जागा निघाली होती. श्यामकांत केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्तीला आले होते. ते निवृत्त झाले की क्वार्टर सोडायचं, आणि दिल्लीतलं घरभाडं पेन्शनमध्ये भागत नाही. ती जागा बाईंना हवीच होती.

आणि नेमकी याच वर्षी त्यांची धाप वाढली.

त्यांचं काम म्हणजे विभागाच्या संग्रहालयातल्या बरण्या सांभाळणं. साप, मासे, बेडूक, सगळे फॉर्मलिनमध्ये बुडवून ठेवलेले. बरणीतलं पाणी उडून खाली गेलं की नवं भरायचं, झाकण पुन्हा पक्कं बसवायचं. त्या फॉर्मलिनचा वास असा, की डोळ्यांतून धारा लागतात आणि घसा आतून खरवडून निघतो. खोलीला एक्झॉस्टचा पंखा होता, पण तो कधीचाच बंद पडला होता आणि त्याच्या पात्यांत कबुतरांनी संसार थाटला होता. बाईंना आधी जिन्यावर दम लागायला लागला, मग झोपेत छातीतून शिट्टी वाजायला लागली. ओळखीचं माणूस भेटायला नको म्हणून त्या पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूच्या एका डॉक्टरांकडे गेल्या आणि श्वासाचा पंप लिहून घेऊन आल्या. विद्यापीठात कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. दिल्लीत एक सोय आहे. दिवाळी सरली की अख्खं शहर खोकतं, त्यात तुमचा खोकला वेगळा कोण काढणार?

खोलीत त्यांच्याबरोबर वल्लरी असायची. पुण्याची पोरगी, नवरा गुडगावला आयटीत, म्हणून लग्नानंतर इकडे आलेली. तीही कंत्राटावर, आणि तिनेही त्याच कायम जागेसाठी अर्ज टाकला होता. एरवी ‘ताई, ताई’ करत मागेमागे असायची. डब्यात अळूवडी असली की पहिली ताईंना. बाईंच्या मनात पाल चुकचुकायची. इतकं गोड कशासाठी? त्यात हल्ली ती खोकायला लागली होती, तेही उघड, चारचौघांत, तोंडाला रुमाल लावून. मी खोकते का ते बघतेय मेली, असं बाईंनी मनाशी पक्कं ठरवून टाकलं.

अशात विद्यापीठाला कर्मचाऱ्यांचा विकास करायची लहर आली. त्यासाठी एक केंद्र निघालं, फीत कापली गेली, समोसे वाटले. दर शुक्रवारी सभागृहात कामाच्या जागेवरच्या नीतीवर भाषण. एका शुक्रवारी सुटाबुटातल्या प्रशिक्षकाने खेळ घेतला. डोळे मिटायचे, मागे पडायचं, मागचा सहकारी झेलतो. त्याने म्हणे परस्परांवर विश्वास वाढतो! बाईंच्या मागे वल्लरी हात पसरून उभी. बाई काही पडेनात. डोळे किलकिले करून मागे बघत राहिल्या. “मैडम, ट्रस्ट कीजिए!” प्रशिक्षक ओरडला. “पहले आप गिरिए,” बाई म्हणाल्या. सभागृह खदखदा हसलं, पण बाई शेवटपर्यंत पडल्या नाहीत.

त्याच केंद्रात डॉ. मीनाक्षी सिंह आल्या. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी नेमलेल्या डॉक्टर. शांत बाई, स्वच्छ हिंदी, सगळ्यांना ‘जी’ लावून बोलणाऱ्या. प्रत्येक विभागात जाऊन खोल्या बघायच्या, प्रश्न विचारायच्या. फॉर्मलिनच्या खोलीतही आल्या, पंख्यातली कबुतरं बघून वहीत काहीतरी टिपून गेल्या. बाईंनी लगेच ओळखलं, ही मॅनेजमेंटची हेर. कायम जागा द्यायच्या आधी कोण आतून खराब झालंय ते हुडकायचं, आणि खड्यासारखं वेचून बाजूला काढायचं. नाहीतर यांना आमच्या फुप्फुसांचा पुळका अचानक कुठून आला?

मग जाहीर झालं की प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सगळ्यांची श्वासाची तपासणी होणार. नळीत जोरात फुंकायचं, किती हवा बाहेर पडते ते यंत्र सांगतं.

पण बाई डगमगणाऱ्यातल्या नव्हत्या. तपासणीच्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन त्यांनी पंपाचे झुरके ओढले, पदर सारखा केला आणि रांगेत येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात पुण्याहून कल्पनाचा, त्यांच्या धाकट्या बहिणीचा, फोन आला.

इथे एक सांगायला हवं. दिल्लीतल्या मराठी माणसाला एक खोड असते. दार ओलांडलं की तो हिंदीत शिरतो, आणि मराठी ठेवतो कुलुपातल्या कपाटासारखी. दुकानदारासमोर नवऱ्याला म्हणायचं, ‘लुटतोय हा, चल.’ लिफ्टमध्ये शेजारणीसमोर तिच्याच साडीबद्दल बोलायचं. कोणाला कळतंय? जगात कोणावरही विश्वास नसलेल्या पारसनीसबाईंचा या एका कुलुपावर मात्र आंधळा विश्वास होता. वल्लरी अजून वर खोलीतच होती, तेव्हा मोकळं रान.

“अगं हो, आलीय माझी पाळी,” त्या भर कॉरिडॉरमध्ये खणखणीत मराठीत म्हणाल्या. “काही होत नाही गं! आत्ताच पंप ओढून आलेय. छाती अशी मोकळी झालीय की शंख फुंकीन. हो, रात्री वाजतेच, पण ते यांना कशाला सांगू? आधी जागा पदरात पडू दे. ही डॉक्टरीण महा बिलंदर आहे, पण मीही काही कमी नाही.”

डॉक्टरीण हाताच्या अंतरावर, दारात उभी होती. चेहऱ्यावर काही नाही.

“आज कोई दवा, पंप वगैरह लिया है आपने?” तिने विचारलं.

“बिल्कुल नहीं,” बाई म्हणाल्या, आणि नळीत असं फुंकलं की यंत्र खूश झालं. फिट. त्यांच्यानंतर वल्लरीने फुंकलं. तिला मध्येच ठसका लागला, पुन्हा फुंकलं, पुन्हा ठसका. तिला फिटचा शेरा मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाल्या, “बसा, अहिल्याताई. चहा घ्याल?”

मराठीत!

बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

“मी ग्वाल्हेरची,” डॉक्टर म्हणाल्या. “माहेर मराठी. सिंह सासरचं नाव. काल तुमचं बोलणं मी मुद्दाम ऐकलं नाही, पण कान काही मिटता येत नाहीत. ते तुम्ही बहिणीला सांगत होतात, मला नाही. म्हणून मी ते कुठेही लिहिणार नाही, कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही मला स्वतः सांगा. पुन्हा तपासणी करू, पंप न घेता. त्या खोलीतल्या दोघींना एकच त्रास आहे असं दिसलं, तर तो त्या खोलीचा त्रास ठरतो. एकटी वल्लरी असली, तर वल्लरीचा ठरतो.”

साधं, सरळ बोलणं. पण बाईंना त्यात सरळ काही दिसेल तर शपथ! महिनाभर ही बाई हिंदीत बोलली आणि मराठी पोटात ठेवून बसली? नक्की जाळं टाकलंय. कबूल करून घ्यायचं, आणि मग जागा वल्लरीला. दोघी मिळालेल्या असतील. म्हणूनच ती पोरगी इतकी उघड खोकते!

“मला काही होत नाही,” बाई उठत म्हणाल्या. “बहिणीशी मी थट्टा करत होते.”



डॉक्टरांनी वल्लरीबद्दल लिहून दिलं की खोलीची हवा सुधारेपर्यंत तिला तिथे बसवू नये. विद्यापीठाने त्याचा सोयीचा अर्थ काढला. तिथे बसू शकत नसेल, तर हिचा उपयोग काय? कंत्राट थांबवायचं ठरलं. वल्लरीने तक्रार केली. समिती बसली. रजिस्ट्रार, विभागप्रमुख आणि डॉ. मीनाक्षी, समोर वल्लरी. खोलीतलं जुनं माणूस म्हणून पारसनीसबाईंनाही बोलावणं आलं.

“दिल्ली में कौन नहीं खाँसता?” रजिस्ट्रार म्हणाले. “कमरे की बात होती, तो सबसे पहले पारसनीस मैडम बीमार पड़तीं. वे तो फिट हैं.”

“एका तपासणीवर जाऊ नका, खोलीतली हवा तपासा,” असं डॉक्टरांनी हिंदीत परोपरीने सांगितलं. त्यांची नजर बाईंकडे गेली आणि लगेच वळली. त्या दिलेला शब्द पाळत होत्या, पण बाईंना त्या नजरेत धमकी दिसली.

“मैडम, आपको कोई तकलीफ?” रजिस्ट्रारांनी विचारलं.

समोर वल्लरी बसली होती, रुमाल मुठीत धरून. आता ही बोलणार, बाईंना वाटलं. बोट दाखवून म्हणणार, हिच्या पिशवीत पंप आहे बघा. बाईंनी पिशवी मांडीवर घट्ट आवळली.

“नहीं सर,” त्या म्हणाल्या. “मुझे कुछ नहीं.”

वल्लरी काही बोलली नाही. मिनिटभरात सगळं आटोपलं, तिचं कंत्राट थांबलं.

खाली फाटकाजवळ ती टॅक्सीची वाट बघत होती, पायाशी खोलीतल्या सामानाचा खोका. बाईंना बाजूने निसटायचं होतं, पण वल्लरीने हाक मारली आणि चक्क वाकून नमस्कार केला.

“येते ताई. जागा तुम्हालाच मिळू दे. आणि तुम्ही त्या हिंदूरावच्या डॉक्टरांकडे जाणं सोडू नका हं, थंडीत जास्त वाढतं.”

बाईंनी पिशवी काखेत दाबली. “तुला कोणी सांगितलं?”

“एका खोलीत बसतो ना आपण? छाती वाजते तुमची, ऐकू येते मला. डॉक्टरांच्या औषधाची पिशवी तुमच्या टेबलावर राहिली होती एकदा. मीच तुमच्या खणात ठेवली, कोणाच्या नजरेला पडायला नको म्हणून.”

“मग वर बोलली का नाहीस? बोलली असतीस तर तुझी नोकरी...”

“आणि तुमची?” वल्लरी म्हणाली. तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर पुढे म्हणाली, “शिवाय ते तुमचं होतं, ताई. मी कसं सांगणार? मला वाटलं, तुम्ही सांगाल.”

बाईंनी सवयीने त्या बोलण्यात खोच शोधली. टोमणा शोधला, कावा शोधला. काही म्हणता काही हाताला लागेना. पोरगी जे म्हणत होती, तेवढंच म्हणत होती. आणि त्यांना इतकी लाज वाटली, इतकी वाटली, की तिच्या डोळ्यांत बघवेना.

“टॅक्सी आली तर थांबव,” त्या म्हणाल्या. “जाऊ नकोस. थांब इथेच.”

जिना चढताना धाप लागली. पंपाला त्यांनी हात लावला नाही, तशाच गेल्या. समितीच्या खोलीत चहा चालला होता. दार ढकलून बाई आत शिरल्या तेव्हा छातीची शिट्टी सगळ्यांना ऐकू जात होती. बोलायला दम पुरेना, म्हणून त्यांनी टेबलाची कड धरली.

“सर, मुझे भी है,” त्या म्हणाल्या. “वल्लरी से बहुत पहले से. उस दिन मैं दवा लेकर आई थी. झूठ बोला मैंने.”

डॉ. मीनाक्षी उठून त्यांच्याजवळ आल्या. रजिस्ट्रारांनी कप खाली ठेवला, बाईंना आपादमस्तक न्याहाळलं, दाराबाहेर कोणी उभं आहे का तेही बघून घेतलं. मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, “मैडम, यह सब कहने के लिए आपको किसने भेजा है?”