बांधावरचं उसाचं बेट

मॅडम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नव्या विद्यार्थ्यांना हातमोजे कसे उतरवायचे ते शिकवत होतो. म्हटलं, तास पुरा करावा... त्यांनीही तेच केलं असतं.

सुमन मॅडम बारामतीच्या आमच्या कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवायच्या. जनुकांच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी त्यांचं आठ दिवसांचं सुरक्षा-प्रशिक्षण. त्यातून कुणाचीच सुटका नाही. सार एकच, इथलं जिवंत काही बाहेर जायचं नाही. मी एम.एस्सी.ला असताना जनुक बदललेल्या उसाची रोपं वाढवत होतो. उरलेली रोपं ऑटोक्लेव्ह यंत्राच्या वाफेत मारून टाकायची. आता माझ्यासारख्या कोऱ्हाळे गावच्या ऊसवाल्याच्या पोराला असं तरारलेलं रोप मारवतंय होय! एक गुपचूप उचललं आणि घरच्या बांधावर लावलं.

काही महिन्यांत त्याचं चांगलं बेट झालं. एक दिवस आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "लई जोरात आलंय रं. औंदा ह्याचंच बेणं धरू." बेणं, म्हणजे लागवडीच्या कांड्या, धरलं की ते शिवारभर होणार. माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्या सकाळी मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्यांनी थेट गाडी काढली. पदर खोचून स्वतः टिकाव मारला, माती चाळून मुळं वेचली, पिशवीत बांधून सगळं परत नेलं. आणि संध्याकाळी माझ्या नावानिशी सुरक्षा समितीला अहवाल दिला! प्रकल्प वर्षभर बंद. खरं बोलल्याचं हे बक्षीस? मी जाम चिडलो. पुढं दोन वर्षं, कुठं कोंब फुटलाय का बघायला त्या दर महिन्याला कोऱ्हाळ्याला जायच्या, आबांकडं चहा घ्यायच्या. मी एकदाही सोबत गेलो नाही. नंतर त्यांच्याच विभागात नोकरीला लागलो, तरी कामापुरतंच बोललो.

मॅडमचा तेरावा झाल्यावर गावी गेलो. आबा म्हणाले, "बाईंनी तुला वाचवला, ठावं हाय का?"

"म्हणजे?"

"कालेजातनं काढूनच टाकणार हुते तुला. बाई भांडल्या. म्हणल्या, पोरानं आपणहून सांगितलंय. ह्याला हाकललं तर फुडं कुणी चूक सांगायला येणारच न्हाय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"बाईच नगं म्हणल्या. म्हणल्या, रागात हाय तवर नियम इसरायचा न्हाय."

नियम मी खरंच विसरलो नाही. रागही नाही... त्या गेल्या त्या दिवसापर्यंत धरून बसलो होतो. फार लाज वाटते.