रंजनवहिनींचे फोल्डर

कुणी मोबाइलचं मेमरी कार्ड घेऊन आलं आणि “वहिनी, गाणी भरून द्या” म्हणालं, की रंजनवहिनी आधी विचारायच्या, “कशासाठी?” एकदा गंजाडचा एक टेम्पोवाला म्हणाला, “टेम्पोत ऐकायला.” वहिनींनी चष्मा वर सरकवला. “ते समजलं. पण जाताना की येताना? जाताना गाडीत चिकू असणार, तेव्हा डोकं शांत पाहिजे. येताना गाडी खाली, मग धिंगाणा चालेल.” तो गोंधळून म्हणाला, “दोन्ही द्या.” “मग दोन फोल्डर लागतील. बस ने, घाई कसली?” वहिनींच्या बोलण्यात ‘ना’चा ‘ने’ व्हायचा.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. माझ्या मोठ्या दिरांचा डहाणूला चिकूचा व्यापार. दोन हजार चौदा साली त्यांचा मुलगा शिकायला सुरतला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला. त्यावर कापड घालून ठेवतील असं मला वाटलं होतं. वहिनींनी महिन्याभरात त्यात गाणी भरली आणि स्वतःच्या मनाने लावून टाकली. आम्ही तलासरीला राहतो, तिथल्या शाळेच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवरच काम करते. माझ्या घरच्या गाण्यांचे फोल्डर गायकाप्रमाणे, त्यात चित्रपट, त्यात वर्ष. वहिनींच्या फोल्डरांची नावं होती, ‘चिकू निवडताना’, ‘पापड लाटताना’, ‘पाहुणे उठेनात’. मी हसले. म्हटलं, “वहिनी, अशाने एखादं गाणं सापडायचं कसं?” त्या म्हणाल्या, “गाणं कुणाचं ते रेडिओवाल्यांनी बघावं. आपण बघायचं ते कधी लागतं.” वर मान उडवून, “आणि मला सापडतं हं, शैला. तुला हवंय का काही? बोल, लगेच काढते.” असा तोरा! आणि खरंच लगेच काढायच्या, त्यामुळे तर माझा आणखी जळफळाट व्हायचा.

हसणं थांबलं ते खाली सरकत गेल्यावर. तिथे एक फोल्डर होता, ‘अनिल रुसला की’.

अनिल म्हणजे माझा नवरा. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तो शाळेत होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्याला वाढवलं वहिनींनीच. हा माणूस भांडत नाही. रुसतो. तोंड बंद, आणि मोटारसायकल धुवायला काढतो. मी विचारून थकते, त्याच्या आवडीचं करून थकते, मग मीही अबोला धरते. गाडी चकचकीत झाली की तो तिच्यावर बसतो आणि चारोटीवरून थेट डहाणू गाठतो. संध्याकाळी परत येतो तो गुणगुणत, हातात चिकूची पिशवी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिथे नेमकं काय होतं ते मला कधी कळलं नव्हतं. आता कळलं. माझ्या नवऱ्याच्या रुसव्याचा इलाज दुसऱ्या बाईच्या कॉम्प्युटरमध्ये होता, नाव घालून ठेवलेला. मला हेवा वाटला. थोडाथोडका नाही, घास गिळवेना इतका.

पुढच्या खेपेला मी पेन ड्राइव्ह घेऊनच गेले. “वहिनी, अनिलचा तो फोल्डर मला द्या.” त्या स्वयंपाकघरात बोंबील तळत होत्या. झाऱ्याने कॉम्प्युटरकडे बोट केल्यासारखं करून म्हणाल्या, “घे की. तुला काय शिकवायचं? तू तर ऑफिसवाली.” फोल्डर डोळ्याची पापणी लवायच्या आत उतरला. मी पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि त्या दिवशी बोंबील अगदी चवीने खाल्ले.

पंधरवड्यात अनिल रुसला. मोटारसायकल अंगणात आली, बादली आली. मी स्पीकरचा आवाज वाढवला, फोल्डर उघडला आणि पहिल्या गाण्यावर क्लिक केलं. फाइल सापडत नाही. दुसरं गाणं, तेच. सगळ्या गाण्यांच्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण होता. एकच गाणं चिकू निवडतानाही लागतं आणि रुसल्यावरही, म्हणून वहिनींनी खरी गाणी एका जागी ठेवून बाकी फोल्डरांत नुसते शॉर्टकट, म्हणजे त्या जागेकडे बोट दाखवणारे बाण, टाकले होते. मी ते शॉर्टकट घेऊन आले होते. शाळेत मास्तरांना कॉम्प्युटर शिकवणारी मी! अनिल ओल्या हातांनी दारात येऊन उभा राहिला. स्क्रीनवरचं नाव वाचून म्हणाला, “हे वहिनींकडचं ना?” आणि गाडी पुसून डहाणूला निघून गेला.

पुढच्या रविवारी मी वहिनींना समोरासमोर विचारलं. “गाणी येणार नाहीत हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं ने.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर खरी गाणी घेऊन गेली असतीस.” एवढं म्हणून त्या चिकू निवडत राहिल्या, मऊ एकीकडे, कडक एकीकडे. मग म्हणाल्या, “बाकी सगळा कॉम्प्युटर ने, शैला. तेवढं नको मागू. मुलगा सुरतला गेला. ह्यांना बाजारातून फुरसत नाही. अनिल येतो तो रुसतो म्हणून. तू त्याला घरच्या घरी हसवायला लागलीस तर तो इथे कशाला येईल?”

म्हणजे जळत मी एकटीच नव्हते! खरं सांगायचं तर मला चक्क बरं वाटलं. येताना रस्ताभर मी खुशीत होते. घरी पोचल्यावर लक्षात आलं, की गाणी अजून त्यांच्याकडेच आहेत.

पुढे फोनवर स्वस्तात सगळं ऐकायला मिळू लागलं. मेमरी कार्डं घेऊन येणारे थांबले. वहिनी म्हणायच्या, “आता कुणाला विचारू, जाताना की येताना?” अनिलच्या फोनवरही हवं ते गाणं होतं. तरी तो रुसला की डहाणूलाच जायचा. मी अडवणं सोडून दिलं, पण जळणं सोडलं नाही.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात वहिनी आठवड्याभराच्या तापाने गेल्या. दिवसकार्य झाल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, कॉम्प्युटर तुम्हीच न्या.” आम्ही तो तलासरीला आणला. त्यांनी लावलं होतं तसंच सगळं होतं, आणि आता वाकड्या बाणांमागे खरी गाणीही होती.

अनिल बोलत नव्हता. मोटारसायकलसुद्धा धुवायला काढत नव्हता. मी कॉम्प्युटर लावला, फोल्डर उघडला. नुसतं क्लिक करायचं बाकी होतं. माझा हात काही पुढे जाईना. वहिनींनी हे मला दिलं नव्हतं. मी उठले, चहा केला, त्याच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, “तू रुसून गेलास की वहिनी आधी कुठलं लावायच्या?”

त्याने कप घेऊन बाजूला ठेवला. मग बोलायला लागला. पहिलं कुठलं, ते का, शाळेतून रडत आला होता तेव्हा त्या काय म्हणाल्या, आईच्या आजारपणात त्याला कुशीत घेऊन काय गायच्या. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला, तरी तो बोलतच होता. लग्न झाल्यापासून माझा नवरा माझ्याशी एवढा कधी बोलला नव्हता. आणि बोलला तोही वहिनींबद्दलच.