पाचापैकी दोन

माझी आई कधी शाळेत गेली नाही. मी मात्र सोलापुरातल्या एका शाळेत गेली तेवीस वर्षं इंग्रजी शिकवते. शब्दांचे अर्थ सांगणं हे माझं रोजचं काम. आईच्या शेवटच्या आजारपणात एका शब्दाचा अर्थ मी तिला बरोबर सांगितला, पण त्याच्या पुढचा आकडा खोटा सांगितला.

करकंबला भावाकडे असताना तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. जीभ थोडी जड झाली, पण समजत सगळं होतं. भावानं गाडी करून तिला सोलापूरला आणलं आणि दवाखान्यात दाखल केलं. तिथले डॉक्टर रोज सकाळी तिच्या मुठीत आपली दोन बोटं द्यायचे. "आजी, दाबा." मग पाय उचलायला सांगायचे आणि वळून नर्सला म्हणायचे, "पॉवर टू."

"पावर म्हंजी चष्म्याची असती ती न्हवं?" आईनं मला विचारलं.

"इथं पॉवर म्हणजे ताकद. पाचापैकी किती आहे ते बघतात."

"चष्म्याची वाढली की वाईट, आन् ही वाढली की चांगली. व्हय?"

"हो."

"मग मला पाचात दोनच पडल्यात की. पास व्हायला किती लागत्यात?"

शिक्षिकेच्या सवयीनं मी बोलून गेले, "तीन."

ते अगदीच मनचं नव्हतं. डॉक्टरांनी मला समजावलं होतं की दोन असताना पाय नुसता गादीवर सरकतो. तीन झाली की तो गादीपासून वर उचलता येतो. उभं करायचा विचार त्यानंतर, तोही धरून.

आठ दिवसांनी मी तिला माझ्या घरी आणलं. एका हातानं लुगडं नेसता येईना, म्हणून नव्या पेठेतून दोन गाऊन घेतले. पहिल्यांदा गाऊन घातला त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. ती वहीत लिहायला लागली की आई विचारायची, "किती?" मुलगी म्हणायची, "दोनच आहे, आजी. होईल हळूहळू."

असा दीड महिना गेला. आईचं जेवण कमी झालं. व्यायामाच्या वेळी ती डोळे मिटून घ्यायला लागली, आकडाही विचारेनाशी झाली. मी भात भरवायला गेले तर म्हणाली, "नापासाला कशाला खाऊ घालतीस."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी निघून गेल्यावर मी आईजवळ बसले आणि सांगितलं, "आज तीन लिहिली तिनं."

त्या दिवशी आईनं अर्धी भाकरी खाल्ली. मी त्या मुलीला फोन करून म्हटलं, आता आकडा मोठ्यानं सांगू नका. ती म्हणाली, "मॅडम, पेशंटला असं खोटं सांगू नये." मी म्हटलं, तिला जरा उभारी येऊ दे.

चार दिवसांनी मी शाळेत असताना शेजारणीचा फोन आला. आईजवळ ठेवलेली बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. तेवढ्या वेळात आई एकटीच उठायला गेली. मी पोचले तेव्हा ती पलंग आणि न्हाणीघराच्या मधे फरशीवर पडलेली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तीन हाय म्हणलीस की."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी मी तिला खरं सांगितलं. "आई, तीन नव्हती. दोनच होती."

ती छताकडे बघत म्हणाली, "मग सांगायचं की. मी पडून ऱ्हायले असते."

त्यानंतर तिनं आकडा कधी विचारला नाही. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ धरला. साडेतीन महिन्यांनी ती गेली. भेटायला येणारे म्हणत, पडायचं निमित्त झालं. मी मान हलवत होते.

तेराव्याच्या दिवशी करकंबला, पाहुणे पांगल्यावर, मी भावाला गोठ्यापाशी गाठून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. हातातली पेंड गाईपुढं ठेवली, मग म्हणाला, "मला फोन केलता तिनं. पास झाले म्हणली. मीच म्हणलो, आता चालून दाखव."

रडू दोघांनाही आलं नाही. जरा वेळानं वहिनीनं जेवायला हाक मारली, तेव्हा तो म्हणाला, "हितं कुणाला सांगू नगंस." आणि आम्ही आत गेलो.