सातवं नाव

पणजोबांचा विषय निघाला की काका हमखास म्हणतात, "आजोबांनी सरकारी कामात घोळ घातला आणि तुरुंगात जाऊन बसले. बायकापोरांना वाऱ्यावर सोडलं." पणजोबा गोऱ्यांच्या सरकारी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. हे ऐकून ऐकून माझे कान किटले, म्हणून यंदा मी सरकारी दप्तरखान्यात खेटे घालून ती जुनी फाइल काढायलाच लावली.

फाइलीत एक जाहीरनामा होता. शेतसाऱ्याविरुद्ध लोकांना उठवणाऱ्या सहा जणांना पकडून द्या, इनाम मिळवा. पहिलंच नाव पणजोबांच्या धाकट्या भावाचं. आणि सहा संपल्यावर खाली, तितक्याच ठळक अक्षरात, सातवं नाव खुद्द पणजोबांचं. छापखान्याच्या गोऱ्या साहेबाने छापायला दिलेल्या मूळ कागदावर ते नव्हतं. कुणाच्या लक्षात येईपर्यंत गावभर भिंतींवर कागद डकवून झाले होते.

मागे चौकशीचा जबाब जोडलाय. साहेब म्हणाला, "नजरचूक झाली असं लिहून दे, नोकरी राहील." पणजोबांचं उत्तर कारकुनाने जसंच्या तसं उतरवलंय: "बावीस वर्षांत माझ्या हातून एक खिळा चुकलेला नाही. आजही नाही."

मग साहेबाने आठवा महिना लागलेल्या पणजीला बोलावलं आणि नवऱ्याला समजाव म्हणून सांगितलं.

पणजीने विचारलं, "यांचं नाव नीट छापलंय ना?"

साहेब हो म्हणाला.

"मग चूक कसली?" म्हणाली, आणि उठून घरी गेली.