इवाईबुवांची लांबलचक खाट

या पृथ्वीवर पाहुणे कमी पडतात, अशी तक्रार असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा इवाई निघाला. इवाई म्हणजे व्याही. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली या तालुक्याच्या गावाजवळ, एका खेड्यात त्यांची धानाची शेती, तलावाच्या पाळीला लागून घर. घराला दार आहे, पण ते लावलेले मी अजून पाहिलेले नाही. माझी सारी नोकरी बल्लारपूरला गेली. आमच्या क्वार्टरमध्ये पाहुणा आला की आम्ही त्याला पाणी देता देताच परतीची गाडी कितीची आहे ते विचारायचो. इवाईबुवा तांब्याभर पाणी आधी पाहुण्याच्या पायावर ओततात आणि मग त्याची चप्पल कुठेतरी ठेवून देतात. ती जेवण होईपर्यंत सापडत नाही. एकदा घरात नाग निघाला म्हणून गावातल्यांनी साप पकडणाऱ्याला बोलावले. त्याने घटकाभरात नाग बरणीत घातला, पण इवाईबुवांनी त्याला दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत सोडले नाही. नाग बिचारा बरणीत ताटकळत होता. वनखात्याची माणसे वाघासाठी कॅमेरे लावायला आली, तीही यांच्या ओसरीवर आयते, म्हणजे तांदळाची धिरडी, खात बसली. तेवढ्या वेळात वाघ येऊन, तलावावर पाणी पिऊन निघूनही गेला. इवाईबुवांना हळहळ वाटली ती वाघाला काही देता आले नाही याची.

त्यांना असे घडवले मंडईने. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि गावातल्या प्रत्येक घरी सोयरेधायरे. छोट्याशा गावात माणसांचा पूर येतो, पण कोणी उपाशी राहत नाही की उघड्यावर झोपत नाही. कारण कोणाच्या घरी किती माणसे मावतात हे आधीच बोलून ठेवलेले असते. इवाईबुवांच्या मते जगातले सगळे सोहळे असेच व्हायला हवेत.

म्हणून आपल्या देशाला ऑलिंपिक भरवायचे आहे ही बातमी त्यांच्या कानावर आली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मैदानाचा नव्हता, अंथरुणांचा होता. ऑलिंपिकच्या बाबतीत त्यांच्या नावावर एक गोष्ट आमच्या सोयऱ्यांत आजही सांगितली जाते. ती खोटी आहे आणि पसरवणारा मी आहे. माझे वय झाले. खरे काय घडले ते आता लिहून टाकतो.

कुठल्याशा क्रीडा मंडळाचे एक साहेब इवाईबुवांच्या गावच्या शाळेत आले होते. यजमानपदाला विद्यार्थ्यांचा पाठिंबा आहे, असे दाखवायचे होते. फलक धरायचा, घोषणा द्यायची, फोटो काढायचा, एवढेच काम. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून इवाईबुवा खुर्चीवर होते आणि मुलीकडे गेलेला मी शेजारी. घोषणा झाली तसे ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पाठिंबा देतो म्हंजे काय देतो? मंडईले कोणी पाठिंबा देत नाई. घर देते." मग पोरांकडे वळून त्यांनी विचारले की कोणाकडे किती पाहुणे मावतीन.

साहेबांचा फोटो राहिला बाजूला. पोरे एकेक उठून कबुली देऊ लागली. ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, एक पोरगी म्हणाली, वल्हे मारणारे आमच्याकडे पाठवा, बाबाचा डोंगा आहे, तलावात सराव करतीन. दुसरा म्हणाला, आमच्याकडे दोघे चालतीन, पण लांब बांबू घेऊन उडी मारणारा नको, आमचा छपरा बुटका आहे. एका पोराने पैलवानाला साफ नकार दिला, कारण त्याच्या आजीला खाणाऱ्या माणसाचे कौतुक फार आणि घरात तांदूळ बेताचा. इवाईबुवा गंभीरपणे मान डोलवत होते. पाहुणे येतीन, असे ते पोरांना म्हणाले. ऑलिंपिक सावलीला भरेल असे ते कधीच म्हणाले नाहीत. खेळ कुठेही होऊ दे, आपण उताऱ्याची सोय सांगून ठेवू, एवढाच त्यांचा हिशोब. त्याच आठवड्यात त्यांनी सुताराकडून उंच खेळाडूंसाठी एक खाट करून घेतली. ती इतकी लांब झाली की दारातून आत जाईना, म्हणून ओसरीवरच राहिली.

पुढे चंद्रपूरला एका लग्नाच्या पंगतीत मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. आमच्या इवायाने ऑलिंपिक सावलीला आणले, गोरे खेळाडू आता तलावात म्हशींसोबत पोहतीन, वगैरे. पंगत लोटपोट हसली. ती गोष्ट माझ्याआधी त्यांच्या गावात पोचली. बाजारात लोक पोरांना अडवून विचारू लागले, "काऊन बे, आले का पाहुणे?" संध्याकाळी इवाईबुवांच्या ओसरीवर गोळा होणारी पोरे येईनाशी झाली. ती ढिवरांची पोरगी त्यांना पाहून रस्ता बदलू लागली.

मी गेलो तेव्हा त्यांनी नेहमीसारखे पायावर पाणी ओतले, चप्पल लपवली, जेवू घातले. सुपारी कातरताना एवढेच म्हणाले, "इवाईबुवा, माह्यावर हसा, मी हसण्यासारखाच आहो. पोरायच्या कबुलीवर नोका हसू. पोरायले तिची लाज वाटली त पुढच्या वेळी ते दार लावून घेतीन."

मी सुपारी तोंडात टाकली आणि चप्पल शोधू लागलो.

त्याच वर्षी हिवाळ्यात तालुक्याच्या शालेय खो-खोचे सामने त्यांच्या गावच्या मैदानावर झाले, तेव्हा मी मुलीकडेच होतो. बाहेरचा संघ म्हणून जिवतीच्या डोंगरातल्या मुली बोलावल्या होत्या. त्यांना उतरायला दिलेल्या खोलीत दोन दिवसांपूर्वीच धानाची पोती रचलेली निघाली, आणि त्यांना सोडून गाडी परत गेली होती. दिवस मावळत होता, थंडी झोंबत होती. मुली पिशव्या घेऊन मैदानात उभ्या, त्यांच्या बाई फोन लावून दमलेल्या. इवाईबुवांनी आपले घर पुढे केले नाही. मला वाटते, मुद्दामच केले नाही. ते पोरांकडे पाहत राहिले, पोरे जमिनीकडे.

मग ती ढिवरांची पोरगी पुढे आली. "दोघी आमच्या घरी," ती म्हणाली. "झिंगे आणले आहेत बाबानं."

त्यानंतर कोणाला काही सांगावे लागले नाही. बुटक्या छपराचा पोरगा दोघींना घेऊन गेला. पैलवानाला नाकारणाऱ्याच्या आजीने तर तिघी मागितल्या. घरे महिनोन्महिने ठरलेलीच होती, फक्त पाहुणे ठरायचे होते. पिशव्या वाहायला मी होतो. त्या संध्याकाळी मी जितका हलका झालो तितका पेन्शनीच्या दिवशीही झालो नव्हतो.

इवाईबुवांच्या वाट्याला संघातली सगळ्यात ठेंगणी पोरगी आली. ओसरीला उघड्या बाजूंनी ताडपत्री बांधून, शेजारी माझ्या मुलीचे अंथरूण घालून तिला त्या खाटेवर झोपवले. पाय पसरूनही ती अर्ध्यावर संपत होती. तिने विचारले, "बाबा, एवढी मोठी खाट कोणासाठी केली?"

"तुह्यासाठीच," इवाईबुवा म्हणाले. "माप जरासं चुकलं."

आता पोरे पुन्हा त्यांच्या ओसरीवर बसतात आणि ऑलिंपिकमध्ये नवा कोणता खेळ घेतला, त्याचे खेळाडू किती जेवतात, याची चौकशी करतात. यजमानपद कधी मिळेल, खेळ कधी होतील, आम्हा दोघांपैकी तेव्हा कोण असेल, कोणास ठाऊक. मागच्या खेपेला मी त्या खाटेवर पडलो होतो आणि इवाईबुवा पायथ्याशी बसून सैल झालेली दोरी ताणत होते. गुडघे दुखत होते तरी सोडत नव्हते.

"मी नसलो त तुम्ही या," ते दोरीकडे पाहतच म्हणाले. "पायावर पाणी टाकाले घरचं माणूस पायजे."

मी त्यांच्याहून वयाने मोठा आहे, हे त्यांना माहीत आहे. तरी मी "येतो" म्हणालो. त्यांनी शेवटचा पीळ दिला, खाट हाताने दाबून पाहिली, आणि माझी चप्पल उचलून आत नेली.