राख न उरणारा कागद

कारखान्याशेजारच्या आमच्या विहिरीचे पाणी मी प्रयोगशाळेत नेले होते. तेथील बाईंनी त्यात एक द्रावण सोडताच तळाशी पांढरा साका बसला. तो त्यांनी कागदातून गाळला आणि कागदासकट चिनीमातीच्या मुशीत ठेवून तापवायला घेतला.

“अहो, कागदाचेही वजन धरले जाईल!” मी हरकत घेतली.

“काका, हा कागद जळला की राखसुद्धा उरत नाही. म्हणून तर तो वापरतात. आणि वजनकाट्याजवळ असे फुत्कार सोडू नका, आकडा हलतो.”

कलमांचे दाखले देऊन, पोचपावत्या जपून कारखान्याविरुद्ध पाठवलेले माझे सारे अर्ज मला आठवले. तेही याच जातीच्या कागदावर लिहिले असावेत. इतका संताप जळून गेला आणि कोणत्याही टेबलावर त्याचे वजन पडले नाही.

मूस निवली. बाईंनी ती तोलली, पुन्हा तापवली, पुन्हा तोलली. दोन्ही वजने जुळली, म्हणजे साक्याचा एवढा मोठा आकडा पक्का ठरला, तसा त्यांचा चेहरा उतरला.

“हे पाणी पिऊ नका, काका.”

आमच्या आळीला दुसरे पाणी नाही. वाटेत प्यायला पत्नीने सकाळी तेच बाटलीत भरून दिले होते.

बाईंनी अहवालासाठी कागद पुढे ओढला. मी हात जोडले.

“बाई, राख उरेल असा कागद घ्या.”